शिष्यवृत्ती-मर्यादा व संस्थांतर (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांनी एका वेळी किती खेळाडूंना क्रीडा-शिष्यवृत्ती द्यावी यावरील बंधने, तसेच एका विद्यापीठाचा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाऊन केव्हा व कोणत्या अटींवर खेळू शकतो याचे नियम. फुटबॉल ही संज्ञा येथे अंडाकृती चेंडूच्या अमेरिकी खेळासाठी वापरली आहे. हे नियम मुख्यतः राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए, स्थापना १९०६) केले आणि संघांमधील बळाचा समतोल टिकवण्यासाठी ते आवश्यक आहेत, असे समर्थन ती वेळोवेळी करत आली. हे समर्थन कितपत खरे आहे, हा या विषयातील मध्यवर्ती वाद आहे.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये दुबळ्या संघाला नवोदितांची निवड आधी करता येते. विद्यापीठांत तशी सोय नाही. सतरा-अठरा वर्षांचा खेळाडू आपले विद्यापीठ स्वतः निवडतो. शिवाय खेळाडूला पगार द्यायचा नाही, हे तत्त्व दीर्घकाळ सर्वांवर बंधनकारक होते. त्यामुळे नामांकित संघाकडे लोटणारा ओघ अडवण्यासाठी संघटनेच्या हाती दोनच उपाय उरत होते: संघातील शिष्यवृत्तीधारकांची संख्या बांधणे आणि एकदा आलेल्या खेळाडूला सहजी जाऊ न देणे.

क्रीडा-शिष्यवृत्तीला राष्ट्रीय पातळीवर मान्यता उशिरा मिळाली. १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’ने खेळाडूला गरजेनुसार शिक्षणशुल्कापुरती मदत देण्याची मुभा दिली, पण हा नियम मोडल्याचे उघड मान्य करणाऱ्या सात संस्थांना संघटनेबाहेर काढण्याचा १९५० मधील ठराव आवश्यक मताधिक्याअभावी फेटाळला गेला आणि पुढच्याच वर्षी ती संहिताही रद्द झाली. १९५६ मध्ये शिक्षणशुल्क, निवास, भोजन, पुस्तके व किरकोळ हातखर्च भागवणारी पूर्ण शिष्यवृत्ती अधिकृत ठरली. अशा शिष्यवृत्त्या किती द्याव्यात यावर मात्र त्यानंतर जवळजवळ दोन दशके राष्ट्रीय बंधन नव्हते. जी बंधने होती ती प्रादेशिक परिषदांची (आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांची), आणि ती एकसारखी नव्हती.

राष्ट्रीय मर्यादा १९७३ च्या सुमारास आली. एकूण १०५ आणि एका वर्षात नव्याने ३०, असे तिचे प्रारंभीचे स्वरूप होते. ती का आणली गेली याविषयी दोन मते आढळतात. लोकप्रिय क्रीडालेखनातील मत असे, की अलाबामाचे बेअर ब्रायंट यांच्यासारखे प्रशिक्षक गरज नसतानाही चांगले खेळाडू केवळ प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणून आपल्याकडे अडकवून ठेवत आणि ही साठेबाजी मोडण्यासाठी मर्यादा घातली गेली. या मताच्या पुष्ट्यर्थ पिट्सबर्ग विद्यापीठाचे उदाहरण दिले जाते. १९७२ मध्ये अकरापैकी एकच सामना जिंकलेल्या या संघाची सूत्रे जॉनी मेजर्स यांनी घेतली, मर्यादा लागू होण्याच्या तोंडावर त्यांनी एका दमात सत्तरच्या आसपास किंवा त्याहून अधिक खेळाडू भरती केले (नेमकी संख्या निरनिराळी सांगितली जाते), आणि त्या तुकडीतील टोनी डॉर्सेट यांच्या बळावर १९७६ मध्ये पिट्सबर्ग अपराजित राष्ट्रीय विजेता ठरला. हे उदाहरण नीट पाहिले तर मताला पूर्णपणे पोषक नाही. अमर्याद भरतीचा लाभ येथे प्रस्थापित संघाला झालेला नसून तळाच्या संघाला झालेला आहे.

दुसरे मत असे, की खरे कारण काटकसर होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी महागाई वाढत होती, विद्यापीठांचे अर्थसंकल्प आक्रसत होते, आणि शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे स्त्रियांच्या खेळांसाठी पैसा उभा करावा लागणार हे दिसू लागले होते. त्याच १९७३ मध्ये चार वर्षांच्या हमीऐवजी दरवर्षी नूतनीकरण करावयाची एकवर्षीय शिष्यवृत्ती आली. समतोलाशी तिचा संबंध लावणे अवघड आहे, खर्चाशी व प्रशिक्षकाच्या अधिकाराशी मात्र तो सरळ लागतो. ऑगस्ट १९७५ मध्ये भरलेल्या विशेष अधिवेशनाचा रोखही खर्चकपातीवरच होता. तेथे सहायक प्रशिक्षकांच्या संख्येवरही मर्यादा घातली गेली आणि तिच्याविरुद्ध अलाबामाच्या सहायक प्रशिक्षकांनी केलेला दावा संघीय अपील न्यायालयाने १९७७ मध्ये अमान्य केला. एकूण ९५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा याच टप्प्यातील आहे; तिचे वर्ष काही ठिकाणी १९७७, तर काही ठिकाणी १९७८ असे दिले जाते. जानेवारी १९९१ च्या अधिवेशनात ती टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरले: १९९२ मध्ये ९२, १९९३ मध्ये ८८ व १९९४ पासून ८५. तेव्हाही खर्चकपात हाच मुख्य विषय होता. उपलब्ध घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. समतोलाची भाषा बहुधा न्यायालयीन बचावाच्या ओघात बळावली. सामन्यांच्या प्रक्षेपणावरील संघटनेच्या नियंत्रणाविषयीच्या १९८४ च्या दूरचित्रवाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समतोलाचा हेतू वैध मानला, पण फुटबॉलवर एखाद्या विद्यापीठाने किती खर्च करावा यावर संघटनेने कोणतेही बंधन घातलेले नाही, याकडेही बोट दाखवले. हा मुद्दा आजही तितकाच लागू आहे.

८५ ची मर्यादा डोकी मोजून लागू होई. एखाद्याला अर्धी शिष्यवृत्ती दिली तरी तो पूर्ण एक धरला जाई. याउलट प्रथम विभागातील (संघटनेच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या) दुसऱ्या फळीच्या उपविभागाला ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम ८५ पर्यंत खेळाडूंत वाटता येई. त्याच विभागातील वरच्या फळीला वर्षाला २५ नवे खेळाडू घेण्याची मुभा असल्याने चार वर्षांचे १०० होत, आणि एखादे वर्ष न खेळता राखून ठेवण्याची ‘रेडशर्ट’ पद्धत धरली तर १२५. म्हणजे पूर्ण भरती करणाऱ्या संघातून दरवर्षी कोणी ना कोणी बाहेर पडणे गणितानेच अटळ होते. यातून ‘ओव्हरसायनिंग’ जन्माला आले: जागा नसताना करार करायचे आणि उन्हाळ्यापर्यंत जागा रिकाम्या करून घ्यायच्या. कोणाची शिष्यवृत्ती वैद्यकीय कारणावर वळवली जाई, कोणाचे नूतनीकरण होत नसे, कोणाला सत्र पुढे ढकलायला सांगत. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने एका हंगामासाठी ३७ खेळाडूंशी करार केल्यानंतर आग्नेय परिषदेने (एसईसी) प्रथम २८ आणि २०११ मध्ये २५ अशी करारांवरच मर्यादा घातली. समतोलाच्या नावाने केलेल्या नियमाची किंमत येथे एकोणीस वर्षांच्या मुलांनी मोजली, ही बाब नियमांच्या चर्चेत फार उशिरा आली. एकवर्षीय शिष्यवृत्तीची सक्ती २०१२ मध्ये सुटली.

समतोलावर प्रत्यक्ष परिणाम काय झाला, हे ठरवताना अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांच्या १९५६ मधील बेसबॉलविषयक विवेचनापासून सुरुवात केली जाते. खेळाडूंच्या हालचालीवर बंधने असोत वा नसोत, गुणवत्ता अखेर जिथे तिचे मोल सर्वाधिक तिथेच पोहोचते, असा त्याचा आशय आहे. महाविद्यालयीन फुटबॉलला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण येथे संघांना खेळाडू विकता येत नसत. तरीही पगारबंदीमुळे स्पर्धा थांबली नाही. ती प्रशिक्षकांच्या वेतनात, सरावगृहांत आणि प्रसिद्धीत सरकली, आणि तेथे श्रीमंत विद्यापीठांचीच सरशी होती. ई. वुड्रो एकार्ड यांनी १९९८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की १९५० च्या दशकात संघटनेचे नियमपालन कडक झाल्यावर समतोल वाढण्याऐवजी घटला. मोजमापाचा प्रश्न मात्र राहतोच. जय-पराजयाच्या प्रमाणातील विखुरणे मोजले तर वेळापत्रकाचा दोष शिरतो, कारण प्रबळ संघ हंगामारंभी दुबळे प्रतिस्पर्धी पैसे देऊन बोलावतात; क्रमवारीतील नावे किती बदलतात हे मोजले तर मतदारांचे पूर्वग्रह शिरतात.

संख्या-मर्यादा संघाची खोली (राखीव खेळाडूंचे बळ) समान करते, गुणवत्ता नव्हे, हे बहुधा सर्वांत सुरक्षित विधान ठरेल. मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू असतात. आक्रमण आणि बचाव मिळून बावीस. व्यावसायिक संघाची यादी ५३ ची असते. त्यामुळे ८५ जागांतही सर्वोत्तम बावीस एकाच ठिकाणी जमणे मुळीच अवघड नव्हते. २००९ ते २०२० या बारा हंगामांत निक सेबन यांच्या अलाबामाने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि हा सारा काळ ८५ च्या मर्यादेतला आहे. दुसऱ्या बाजूने १ सप्टेंबर २००७ रोजी ६३ शिष्यवृत्त्यांच्या ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४–३२ असे हरवले, तो दिवस मर्यादेचे समर्थक आवर्जून सांगतात. एका सामन्यावरून व्यवस्थेचा निष्कर्ष काढता येत नाही. नेब्रास्काने तर टॉम ऑसबर्न यांच्या काळात शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलांची मोठी फळी बाळगून मर्यादेचा काच बराच सैल केला होता.

मर्यादा खूप खाली आणली तर काय होते, हे नियमभंगाबद्दल शिक्षा झालेल्या संघांवरून दिसते. सदर्न मेथडिस्टचा १९८७ चा हंगाम संघटनेने रद्द केला, १९८८ चा विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला, शिवाय चार वर्षांत ५५ शिष्यवृत्त्या गेल्या; त्यानंतर हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात हा संघ २००९ मध्ये पुन्हा दिसला. सदर्न कॅलिफोर्नियाच्या तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्या २०१० मध्ये कापल्या गेल्या. २०१२ चा हंगाम त्यांनी क्रमवारीत अव्वल म्हणून सुरू केला आणि ७–६ वर संपवला. जखमी खेळाडूच्या जागी उभे करायला तोलामोलाचे कोणी नाही, ही खोलीची उणीव हंगामाच्या उत्तरार्धात कशी बाधते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

संस्थांतराचा नियम दीर्घकाळ असा होता, की नव्या विद्यापीठात गेलेल्या फुटबॉलपटूने एक वर्ष सामन्याबाहेर बसावे. कुठे जायचे यावरही जुन्या प्रशिक्षकाचा अंकुश असे, कारण त्याच्या परवानगीशिवाय नव्या ठिकाणी शिष्यवृत्ती मिळत नसे. पदवी पूर्ण केलेल्यांना २००६ पासून सवलत मिळाली. रसेल विल्सन हे २०११ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून विस्कॉन्सिनला आणि पुढे जो बरो हे ओहायो स्टेटमधून लुइझियाना स्टेटला गेले ते या वाटेने. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल ही नोंदणी-प्रणाली सुरू झाली आणि परवानगीची अट गेली; एप्रिल २०२१ मध्ये सर्वांना एकदा न थांबता बदलाची मुभा मिळाली; डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने उरलेल्या बंधनाला स्थगिती दिल्यानंतर एप्रिल २०२४ पासून, शैक्षणिक पात्रता असल्यास, कितीही वेळा बदल करता येऊ लागला. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नाव-प्रतिमेवर पैसे मिळवता येतात. त्यामुळे संस्थांतराला मागणी-पुरवठ्याचे रूप आले.

याचा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. प्रबळ संघांत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बसलेला खेळाडू आता अडकून राहत नाही, म्हणजे ज्या साठेबाजीविरुद्ध मर्यादा होती असे सांगितले जाते, ती संस्थांतराने अधिक परिणामकारकपणे मोडली. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये ३–९ होता. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेथे आले आणि त्यांच्या मागोमाग तिथले दहाहून अधिक खेळाडूही आले. २०२४ मध्ये संघ ११–२ राहिला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझा यांनी २०२५ चा हाइझमन करंडक (वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार) मिळवला आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. दीर्घ पराभवांची परंपरा असलेल्या संघाला इतक्या थोड्या काळात शिखर गाठणे जुन्या नियमांत जवळजवळ अशक्य होते. याउलट लहान परिषदांतील संघ घडवलेले खेळाडू गमावतात, आणि बाहेरून आणलेल्यांवर उभा केलेला संघ तितक्याच वेगाने कोसळू शकतो: फ्लोरिडा स्टेट २०२३ च्या हंगामात १३–१ होता, २०२४ मध्ये २–१०. शिखराच्या जवळची जागा अधिक खुली झाली आणि तळ व मध्य यांतील दरी रुंदावली, असे तूर्त म्हणता येते. काही हंगामांच्या आधारे याहून ठाम विधान करणे घाईचे ठरेल.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ खटल्यातील (खेळाडूंनी मोबदल्यासाठी संघटनेविरुद्ध केलेल्या) तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या संस्थांपुरती शिष्यवृत्ती-मर्यादाच संपुष्टात आली. तिच्या जागी संघाच्या एकूण यादीवर १०५ ची मर्यादा आली. या १०५ जणांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. शिवाय २०२५–२६ साठी प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. आकडा ८५ वरून १०५ वर गेलेला दिसत असला, तरी पूर्वी शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्यांच्या संख्येवर असे सक्तीचे बंधन नव्हते. म्हणून नव्या नियमाचा फटका वॉक-ऑन खेळाडूंना बसला. मंजुरी लांबण्याचे एक कारण हेच होते, आणि त्यामुळे यादीतून वगळलेल्या विद्यमान खेळाडूंना मर्यादेतून सूट द्यावी लागली. बेकर मेफील्ड टेक्सास टेकमध्ये व पुढे ओक्लाहोमात, तर स्टेट्सन बेनेट जॉर्जियात, वॉक-ऑन म्हणूनच दाखल झाले होते. पहिल्याने हाइझमन करंडक जिंकला, दुसऱ्याने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे.

द्वितीय विभागात ३६ शिष्यवृत्त्यांइतकी मर्यादा आहे. तृतीय विभागात व आयव्ही लीगमध्ये (ईशान्येकडील आठ जुन्या विद्यापीठांची परिषद) क्रीडा-शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, आणि आयव्ही लीगने ‘हाउस’ तडजोडीबाहेर राहणे पसंत केले आहे.