जॉन मॅक्लॉफ्लिन आणि त्याचं इम्प्रोव्हायझेशन

जॉन मॅक्लॉफ्लिन (जन्म ४ जानेवारी १९४२, डॉनकास्टर, यॉर्कशायर) हा इंग्लिश गिटारिस्ट. जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझची उपज (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, म्हणजेच इम्प्रोव्हायझेशन) आणि रॉकचा आवाज एकत्र आणणारं जे संगीत १९६९-७० च्या सुमाराला उभं राहिलं, त्याच्या पायाभरणीतला हा एक मुख्य माणूस. आपल्याकडे त्याला ओळखतात ते ‘शक्ती’ या बँडमुळे, तबलावादक झाकीर हुसेन यांच्या शेजारी बसून गिटार वाजवणारा गोरा माणूस म्हणून, पण ती ओळख फारच अपुरी आहे. त्याची कारकीर्द वरवर पाहिली तर दर चार-पाच वर्षांनी घर बदलल्यासारखी दिसते, आधी जॅझ, मग कानठळ्या बसवणारं इलेक्ट्रिक, मग एकदम मांडी घालून अकूस्टिक, मग स्पेनच्या फ्लॅमेंको संगीतवाल्यांबरोबर. पण आतून प्रश्न एकच आहे, की समोरच्याचं ऐकत ऐकत, आधी न ठरवलेलं काहीतरी खरं कसं बोलायचं.

आई व्हायोलिन वाजवायची, घरात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत होतं, अकराव्या वर्षी गिटार हातात आली. आधी ब्लूज, मग फ्लॅमेंको, मग जॅझ. साठच्या दशकात लंडनला आला आणि ग्रॅहम बाँड, जॉर्जी फेम यांच्या बँडमधून वाजवलं. जानेवारी १९६९ मध्ये ‘एक्स्ट्रापोलेशन’ हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम रेकॉर्ड केला आणि लगेच ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ बँडसाठी न्यूयॉर्क गाठलं.

इथे तो प्रसिद्ध किस्सा येतो, आणि तो नीट सांगायला हवा कारण पुढचं सगळं त्यात आहे. न्यूयॉर्कला येऊन मोजके दिवस झालेत आणि १८ फेब्रुवारी १९६९ ला हा जॅझचा बडा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर स्टुडिओत बसलाय. धून जो झाविनूलची, ‘इन अ सायलेंट वे’, मुळात कॉर्ड्सनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांनी, गच्च भरलेली. माइल्सला ते पटेना. त्याने जवळपास सगळ्या कॉर्ड्स काढून टाकल्या आणि मॅक्लॉफ्लिनला सांगितलं की तुला गिटार वाजवता येत नाही असं समजून वाजव. आता याचा अर्थ काय लावायचा? बिचाऱ्याला घाम फुटला, आणि मग त्याने गिटार शिकणारा पहिल्या आठवड्यात शिकतो ती साधी ई मेजर कॉर्ड धरली, तिच्यातले सूर एकेक करून सोडायला लागला, पुढे काय येणार ते त्यालाही माहीत नाही. लाल दिवा लागलेला होता, टेप चालू होती. तोच टेक रेकॉर्डवर गेला. आज ऐकताना प्रत्येक सूर चाचपडत, जागा शोधत येतो असं वाटतं, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. पुढे आयुष्यभर मॅक्लॉफ्लिन हा प्रसंग सांगत आलाय. बोटांना जे पाठ आहे ते काढून घेतलं की माणसाला ऐकावंच लागतं, हे माइल्सने त्याला एका वाक्यात शिकवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेकॉर्ड झालेल्या माइल्सच्या ‘बिचेस ब्रू’ अल्बममध्ये तर एका तुकड्याला त्याचंच नाव दिलंय.

१९७१ मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. महाविष्णू हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. बिली कॉबहॅम ड्रम्सवर, यान हॅमर कीबोर्डवर, जेरी गुडमन व्हायोलिनवर, रिक लेअर्ड बासवर, आणि हा स्वतः दोन मानांची गिब्सन गिटार घेऊन. ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३) अल्बमचा पहिलाच तुकडा अठरा मात्रांच्या चक्रात आहे, आणि त्यातल्याच ‘वन वर्ड’मध्ये गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड आळीपाळीने बोलतात, आधी प्रत्येकाला मोठी जागा, मग ती आक्रसत जाते आणि शेवटी तिघं एकमेकांच्या तोंडातून शब्द काढून घेतल्यासारखे वाजवतात. आपल्या मैफलीतला सवाल-जवाब ज्याने ऐकलाय त्याला हे समजवावं लागत नाही. पहिला संच १९७३ अखेर फुटला, नंतरचे संच बरे आहेत, पण ती आग नाही.

त्याच्यावर नेहमीची टीका म्हणजे फार फास्ट वाजवतो. काही ठिकाणी ती बरोबरच आहे, काही सोलो ऐकताना दम लागतो. पण त्याच्या वेगात लयकारी असते, म्हणजे सूर नुसते ओतलेले नसतात, त्यांचे गट पडलेले असतात आणि ते गट चक्राला छेद देत फिरून समेवर येतात, आणि हे एकदा कानाला लागलं की वेगाची तक्रार बरीचशी विरघळते.

हे गट कुठून आले? कर्नाटक संगीतातून. वेस्लियन युनिव्हर्सिटीत एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकला, आणि मग शक्ती तयार झाली, झाकीर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, विक्कू विनायकराम घटमवर, पहिल्या अल्बमवर आर. राघवन मृदंगमवर. तो अल्बम म्हणजे ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडवरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. महाविष्णूच्या भिंतीएवढ्या अँप्लिफायर्सनंतर हे करणं म्हणजे चाहत्यांना रागावून निघून जायला लावण्यासारखंच होतं, तरी त्याने केलं. यासाठी खास गिटार बनवून घेतली, मुख्य तारांखाली तिरक्या तरफेच्या, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या, तारा, आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार दाबून, ओढून मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) आणि गमक (सुराला दिलेला झोल) काढता येते, साध्या गिटारवर ती जेमतेम निघते.

इम्प्रोव्हायझेशनबद्दल त्याचं म्हणणं गोळा केलं तर दोन गोष्टी सारख्या येतात. एक, लय आधी. कोन्नकोल, म्हणजे तोंडाने बोल म्हणून लय मांडायची कर्नाटक पद्धत, ही लय शिकायची सगळ्यात चांगली पद्धत आहे असं तो ठामपणे सांगतो, आणि ड्रमरनेच नाही तर कुठलंही वाद्य वाजवणाऱ्याने ती शिकावी म्हणून त्याने कंजिरावादक सेल्वागणेश यांच्याबरोबर एक शिकवणीची डीव्हीडीही काढली. करून बघा, हाताने सरळ चार मात्रांची टाळी धरा आणि तोंडाने ‘तकिट तकधिमि’ हा सात अक्षरांचा गट म्हणत राहा, टाळी आणि तोंड लगेच वेगळ्या वाटांना लागतात, मग पुन्हा कधीतरी एकत्र येतात. ते एकत्र येणं अंगात मुरलं की सोलो वाजवताना मोजावं लागत नाही, आणि मोजणं थांबलं की ऐकायला डोकं मोकळं होतं.

दुसरी गोष्ट तीच, ऐकणं. हार्मनी, ताल, राग सगळं घोटून घोटून शिकायचं, पण स्टेजवर ते पुराव्यासारखं मांडायचं नाही. इम्प्रोव्हायझेशन त्याच्यासाठी गप्पा आहेत, आणि गप्पांत पाठ केलेलं भाषण कोणी करत नाही. ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरात पाको दे लुसिया आणि अल दी मेओलाबरोबर केलेला तीन अकूस्टिक गिटारींचा कार्यक्रम ऐका, एकाने टाकलेला तुकडा दुसरा झेलतो आणि प्रेक्षक मध्येच ओरडतात, कारण तो क्षण त्यांच्यासमोर घडतोय हे त्यांनाही कळतंय.

१९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने ते पुन्हा जमले, आधी हरिप्रसाद चौरसिया, नंतर मँडोलिनवाले यू. श्रीनिवास आणि शंकर महादेवन आले. २०१८ मध्ये त्याला इम्प्रोव्हाइज्ड जॅझ सोलोचं ग्रॅमी मिळालं, ‘माइल्स बियाँड’ या तुकड्यासाठी, त्याच माइल्सला वाहिलेल्या. २०२३ चा शक्तीचा अल्बम ‘धिस मोमेंट’, त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. पन्नास वर्षं मॅक्लॉफ्लिनने वाक्य सुरू केलं की ते पुरं करणारा माणूस उजव्या-डाव्या हाताशी बसलेला होता, १९७५ च्या त्या पहिल्या रेकॉर्डमध्ये गिटार जरा थांबते आणि तबला लगेच उत्तर देतो, तिथे हे स्पष्ट ऐकू येतं.