पर्कोलेटरला गारच पाणी का लागतं?

पर्कोलेटर म्हणजे कॉफीच्या पुडीतून गरम पाणी पुन्हा पुन्हा फिरवून कॉफी करणारं भांडं. विजेच्या पर्कोलेटरमध्ये गार पाणी भरून बटण लावलं, की थोड्याच वेळात झाकणावरच्या काचेच्या बोंडात पाणी उसळायला लागतं. भांडंभर पाणी तेव्हा जेमतेम कोमट झालेलं असतं. मग वर आलेलं हे कढत पाणी आलं कुठून?

भांड्याच्या तळाशी मधोमध एक छोटी खळगी असते. हीटरची उष्णता मुख्यतः तिलाच मिळते. उभ्या नळीची पसरट बैठक या खळगीवर बसते. खळगीत पाणी मावतं अगदी थोडं, आणि आधी उकळतं ते तेवढंच. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा व्यापतं. वाफेचे बुडबुडे नळीत शिरले की नळीतलं मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं आणि बाहेरचं जड पाणी त्याला वर रेटतं. वर उसळलेलं पाणी झाकणावर आपटतं, भोकं पाडलेल्या ताटलीवर पडतं आणि कॉफीच्या पुडीतून झिरपत परत खाली येतं. तोवर खळगीत नवं पाणी शिरलेलं असतं. ना मोटर, ना पंप, तरी पाणी फिरत राहतं. हॉटेलांच्या खोल्यांमध्ये अजिबात आवाज न करणारे छोटे फ्रिज असतात, त्यांतल्या बऱ्याच फ्रिजमध्ये द्रव वर चढतो तो असाच, बुडबुड्यांच्या जोरावर.

नळीतून पाणी चढवणारं असं कॉफीपात्र पॅरिसच्या लॉरां नावाच्या कारागिराने १८१९ मध्ये केलं. आज दिसणाऱ्या चुलीवरच्या पर्कोलेटरचा आराखडा मात्र अमेरिकेतल्या इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिचचा. त्याचं पेटंट १८८९ चं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात विजेचा हीटर आला आणि अमेरिकेच्या घराघरांत पर्कोलेटर स्थिरावला. १९७२ मध्ये पुडीतून गरम पाणी एकदाच ठिबकवणारं घरगुती ड्रिप मशीन बाजारात आलं आणि पर्कोलेटर मागे पडत गेला.

त्याच्यावर ठपका एकच, कॉफी कडू होते. ठपक्यात तथ्य आहे. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, पण चव चांगली लागते ती १८ ते २२ टक्के उतरेपर्यंत. आंबटपणा आणि सुगंध आधी उतरतात, मग गोडवा, आणि कडवट, तुरट द्रव्यं रेंगाळत मागून येतात. पर्कोलेटरमध्ये तयार कॉफीच पुन्हा त्याच पुडीतून जाते. गॅसवरचा पर्कोलेटर वेळेवर उतरवला नाही, तर कडवटपणा उतरतच राहतो. घरभर दरवळणारा वाससुद्धा कपातून निसटलेलाच असतो.

विजेच्या पर्कोलेटरने हा प्रश्न बराचसा सोडवला, आणि मला वाटतं त्याचं श्रेय त्याला कधी नीट मिळालं नाही. तळाशी थर्मोस्टॅट असतो. दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि मुख्य हीटरचा प्रवाह तुटतो. पुढे मोजकी वीज वापरून कॉफी फक्त गरम राखली जाते. म्हणजे कॉफी कधी झाली हे यंत्र वेळेवरून ठरवत नाही, तापमानावरून ठरवतं. आठ कप, म्हणजे सुमारे १.२ लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला ८०० वॉटच्या हीटरला सव्वासात मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ पाणी पुडीतून फिरतं. आता घाई म्हणून गीझरचं ७० अंशांचं पाणी ओतलंत, तर जेमतेम अडीच मिनिटांत थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो आणि कपात फिकट, पांचट कॉफी येते. त्यावर पूड वाढवून उपयोग नाही, कमी पडलाय तो वेळ. भांडं अर्धंच भरलं तरी हेच होतं, म्हणून किमान पातळीची खूण पाळावी.

पूड जाड रव्याएवढी हवी. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळणारी चिकोरीमिश्रित पूड बारीक असते. ती भोकांतून खाली उतरते किंवा जाळी तुंबवते आणि पाणी कडेने वाहतं. दुकानात समोर दळून देत असतील तर बिनचिकोरीची, जाडसर दळून घ्या. लिटरला ५० ते ६० ग्रॅम पुरते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पर्कोलेटर मागवणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. तिथलं उपकरण १२० व्होल्टचं, आपली वीज २३० ची. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ८०० वॉटचा हीटर इथे जवळपास २,९०० वॉट ओढू पाहील आणि जळेल. नुसती पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर इथे कामाचा नाही. हजार वॉटच्या वरचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो चांगलाच जड असतो. त्यापेक्षा २३० व्होल्टचाच पर्कोलेटर शोधावा.

बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या खळगीत पांढरा क्षार धरतो. तो उष्णता अडवतो आणि पाण्याची उसळी मंदावते. स्टीलचं भांडं असेल तर पाण्यात थोडं लिंबूसत्त्व घालून, पूड न टाकता एकदा चालवावं आणि मग साध्या पाण्याने दोनदा खळबळावं. विजेची जोडणी असलेला भाग मात्र पाण्यात बुडवायचा नाही. नळी आतून घासायला बारीक लांब ब्रश ठेवा. कॉफीचं तेल तिथे चिकटून खवट होतं, आणि तो खवटपणा ताज्या कॉफीतही उतरतो.