राई, रान आणि वन: जुने जंगल राखण्याच्या लोकमोहिमांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर चालत निघाले. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून जाणारे बोगदे नकोत, ही मागणी होती. त्याआधी तेवीस गावांतल्या टेकड्यांवरच्या बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षणासाठी याच शहराने वर्षानुवर्षे हरकती, सह्या, सभा असा पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये सुमारे ९७८ हेक्टरांवर ते आरक्षण कायम झाले. झाडांसाठी पुण्यात माणसे जमतात, हे आता वेगळे सांगायला नको.

पण ही माणसे ज्या हिरवाईसाठी जमली ते जुने जंगल नव्हे. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या. त्यावर गेल्या काही दशकांत गिरिपुष्पासारखी बाहेरून आणलेली झाडे लावली गेली. टेकडीचे मोल त्याने कमी होत नाही. तिथे मुरणारे पाणी आणि तिथे नांदणारे मोर शहराला हवेच आहेत. जुने जंगल मात्र शहरापासून साठ ते सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला आहे: वेल्हे, मुळशी, भोर, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांच्या घाटमाथ्यावर. त्यातले काही १९८५ मध्ये अभयारण्य झालेल्या भीमाशंकरात आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ताम्हिणीत आले. बाकीचे देवरायांच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या झाडीच्या, रूपाने गावोगाव विखुरलेले आहे, कुठे काही हेक्टर तर कुठे मूठभर गुंठे. त्याच्यासाठी माणसे जमवणे इतके अवघड का जाते, हे समजून घ्यायचे तर देवरायांचा कागदोपत्री प्रवास पाहावा लागतो.

लावलेली झाडी आणि जुनी राई यांतला फरक जमिनीकडे पाहून कळतो. राईच्या तोंडाशी चपला काढून आत पाऊल टाकले की पाचोळ्यात घोटा बुडतो. वर आंबा, जांभूळ, बेहडा, सातवीण, मधूनच मांडीएवढा जाड झालेला गारंबीचा वेल आणि त्याला लोंबणारी हातभरापेक्षा लांब शेंग. पण खरी खूण म्हणजे आडवे पडलेले झाड. ते कोणी उचललेले नसते. ते जागीच कुजते, त्यावर अळंब्या येतात आणि त्याच्या ढोलीत साठलेल्या मातीतून जांभळाची रोपे वर येतात. राईतली काटकीही घरी न्यायची नाही, हा नियम पाळला गेला म्हणून हे घडते. वृक्षारोपणाच्या खड्ड्यात हे पन्नास वर्षांतही घडत नाही.

इंग्रजी अमदानीतला भाग थोडक्यात सांगतो. १८७८ च्या वन कायद्याने सरकारला डोंगरच्या डोंगर राखीव करता आले आणि गावांचे चराईचे, सरपणाचे हक्क आवळले गेले. पुण्यातल्या तेव्हाच्या जाणत्या मंडळींनी त्याला आक्षेप घेतला. १८८३ मध्ये याच शहरातल्या एका समाजसुधारकाने शेतकऱ्याची गायराने आणि डोंगर जंगलखात्याने गिळल्याचे परखडपणे लिहून ठेवले. जंगल राखायचे तर गावाला बाहेर काढायचे, हे समीकरण तेव्हा रुजले आणि पुढच्या प्रत्येक मोहिमेला त्याची किंमत मोजावी लागली. याच काळात अनेक देवराया सरकारी वनाच्या किंवा महसुली जमिनीच्या खात्यावर गेल्या. देव तिथेच राहिला, गावाची वहिवाटही चालू राहिली, पण मालकीच्या रकान्यात सरकार आले.

लोकांचा आवाज म्हणून या विषयाची नोंद झाली ती १९७० च्या दशकात. पानशेतच्या खोऱ्यात धरणाच्या आगेमागे कोळसा पाडणाऱ्यांनी उतार मोकळे केले होते. त्या उघड्या डोंगरांत हिरवे ठिपके उरले होते ते देवरायांचे. पुण्यातल्या दोन अभ्यासकांनी मग पश्चिम महाराष्ट्रातल्या राया पायी फिरून पाहिल्या, त्यांची झाडे, देव, क्षेत्र यांची नोंद केली आणि १९७५-७६ च्या सुमारास ते काम प्रसिद्ध झाले. या फिरस्तीत श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावचे प्रकरण पुढे आले. तिथल्या काळकाईच्या राईतली झाडे तोडीसाठी खुणावली गेली होती. गावकऱ्यांनी अभ्यासकांकडे धाव घेतली आणि सांगितले की, राईतून निघणारा ओढा हाच आमचा पाण्याचा आधार आहे, राई गेली तर पाणी जाईल. अभ्यासकांनी ते म्हणणे वनखात्यापर्यंत पोचवले. गावकऱ्यांनी देवीच्या कोपाच्या जोडीने पाण्याचा हिशोबही मांडला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. देवराई म्हणजे अंधश्रद्धा आणि जंगल म्हणजे विज्ञान अशी फाळणी शहरात केली जाते. गाणीच्या लोकांनी ती पन्नास वर्षांपूर्वीच खोटी ठरवली होती.

श्रद्धेने राई राखली, तशी काही ठिकाणी ती मोडायला वाटही करून दिली. राईतले झाड हवे तर देवाला कौल लावायचा, ही रीत जुनी आहे. पूर्वी कौल मागितला जाई तो एखाद्या वाशासाठी किंवा पुलाच्या तुळईसाठी. पुढे गावातली तरुण माणसे मुंबई-पुण्याला गेली, चार पैसे आले आणि देवाला पक्के देऊळ हवे झाले. जीर्णोद्धाराच्या वर्गणीत कमी पडलेली रक्कम राईतल्या झाडांतून उभी राहिली. उघड्यावरचा, वर आभाळ असलेला देव काँक्रीटच्या मंडपात आला आणि मंडपाभोवती फरशी झाली. व्यापाऱ्याने किंवा ठेकेदाराने तोडलेल्या झाडाविरुद्ध घोषणा देता येते. गावाने एकमताने आणि भक्तिभावाने तोडलेल्या झाडापुढे बाहेरचा कार्यकर्ता हतबल होतो. ज्या गावांत देऊळ बांधूनही राई राहिली, तिथे वर्गणीच्या बैठकीतच कोणी तरी उठून उभे राहिले होते. शहरातून आलेल्या पत्रकांना ते साधले नसते.

आता त्या शब्दाकडे वळू, ज्यात हा सगळा विषय गुंतला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९८० च्या वन संवर्धन कायद्यातला ‘वन’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा, जमीन कोणाच्या मालकीची आहे हे न पाहता. सरकारदफ्तरी वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात धरायची. अशा जमिनीचा दुसऱ्या कामासाठी वापर करायचा तर केंद्राची आधी परवानगी हवी. दफ्तरात नसलेली पण प्रत्यक्षात जंगल असलेली क्षेत्रे राज्यांनी तज्ज्ञ समित्या नेमून शोधायची होती. त्यांना मराठीत ‘मानीव वन’ म्हणतात. पुण्याला ‘मानीव’ हा शब्द चांगला ओळखीचा आहे, मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे इमारतीखालची जमीन आपल्या नावे व्हावी यासाठी, कितीतरी सोसायट्यांनी निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. हक्क आहे पण कागद नाही, तर कायद्याने तो आहे असे मानायचे. देवराईला याहून चपखल शब्द नाही.

पण शब्दकोश कोणता? निकाल इंग्रजीत होता आणि इंग्रजीतला एक शब्द मराठीत आला की त्याचे पाच होतात. वन हा खात्याचा शब्द. जंगल हा सर्वांच्या तोंडचा. अरण्य पोथीतले. रान म्हटले तर देशावर त्याचा अर्थ शेतही होतो, ‘बाबा रानात गेलेत’ म्हणजे ते नांगरटीला गेलेत. आणि राई म्हणजे दाट, मर्यादित झाडी, मग ती आमराई असो की देवराई. कोकणात याच जागेला देवरहाटी म्हणतात. तलाठी दफ्तरात हे सगळे शब्द वेगवेगळ्या सर्व्हे नंबरांवर बसलेले आहेत. एका गावची राई देवाच्या नावे, शेजारच्या गावची ‘महाराष्ट्र शासन’, तिसरीकडे गायरान, चौथीकडे पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. शब्दकोशातल्या अर्थाने या चारही जागा वनच आहेत. पण टेबलावर सातबारा ठेवला की चौघींचे नशीब चार प्रकारचे होते. माझ्या मते १९९६ चा निकाल देवरायांच्या बाजूचाच होता. तो गावापर्यंत पोचला नाही, कारण गावात ‘वन’ म्हणजे वनखात्याची हद्द आणि हद्द म्हणजे हक्क जाणे, हे १८७८ पासूनचे शिक्षण पक्के होते. राईला वन म्हणा, असे सांगायला गेलेल्या माणसाकडे गाव संशयाने पाही. आजही पाहते.

याच्या अगदी उलट उदाहरण पुण्यातच आहे. कोंढवा बुद्रुकमधली ११.८९ हेक्टर जमीन दफ्तरात राखीव वन होती. १९९८ मध्ये ती खासगी हाती दिली गेली आणि पुढे तिथे इमारतींचा बेत झाला. १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला आणि महसूल खात्याच्या ताब्यातली अशी वनजमीन शोधून वनखात्याकडे द्यायला सर्व राज्यांना सांगितले. कोंढव्याची जमीन वाचली ती दफ्तरातल्या नोंदीमुळे. घाटमाथ्यावरच्या राईत शेकरूची घरटी आहेत, बारमाही झरा आहे. नसते ती फक्त नोंद.

२०२३ मध्ये १९८० चा तो वन कायदाच बदलला. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने संरक्षण मुख्यतः अधिसूचित वनांपुरते आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी किंवा त्यानंतर सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंदलेल्या जमिनींपुरते ठेवले. शब्दकोश बाजूला पडला. खासगी जमिनीवर झाडे लावणाऱ्यांची अडचण दूर व्हावी, असे त्याचे समर्थन झाले आणि त्या अडचणीत तथ्य होते. शेतात सागवान लावणाऱ्याला उद्या आपले शेत वन ठरेल ही धास्ती खरीच असते. मात्र ती दूर करताना नोंद नसलेली प्रत्येक राई उघड्यावर आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने तूर्त जुना, शब्दकोशाचा अर्थच चालू ठेवायला सांगितले. मग १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात न्यायालयाने त्यांची जागेवर मोजणी करून त्यांना वन म्हणून नोंदवायला सांगितले आणि देशभरातल्या अशा राखलेल्या रायांसाठी केंद्राने धोरण आखावे, अशी शिफारस केली. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले ‘समुदाय राखीव क्षेत्र’ हा मार्गही त्यात सुचवला आहे. आपल्याकडे तो अडतो, कारण ही तरतूद खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी आहे आणि आपल्या कितीतरी रायांवर शासनाचे नाव आहे.

पश्चिम घाटाच्या अहवालाची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून तिचा एवढाच भाग घेतो. घाटाचा कोणता भाग कसा जपायचा हे सांगण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ गटाने ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तेही माहिती अधिकाराचा लढा न्यायालयात जिंकल्यावर, आणि आला तो इंग्रजीत. अहवालाचा आग्रह होता की तो स्थानिक भाषांत जावा आणि त्यावर ग्रामसभांनी बोलावे. मधल्या काळात गावोगाव पोचले ते एकच वाक्य: आता घरही बांधता येणार नाही. लोकमत तयार झाले, फक्त उलट्या दिशेने. एप्रिल २०१३ मध्ये दुसऱ्या गटाचा अहवाल आला, त्याने संरक्षित क्षेत्र घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणले. २०१४ ते २०२४ या काळात हे क्षेत्र संवेदनशील म्हणून जाहीर करण्याच्या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. प्रत्येक मसुद्याला हरकतींसाठी साठ दिवस. ते दिवस ऐन पावसाळ्यात आले, तर भाताच्या आवणीत गुंतलेल्या घाटमाथ्यावरच्या माणसाने हरकत लिहायची कधी?

शहराला झाडांसाठी माणसे जमवता येतात यामागे केवळ जागरूकता नाही, एक साधी सोय आहे. १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्याने तोडायच्या झाडावर नोटीस लावावी लागते. फिरायला निघालेले आजोबा खिळ्याने ठोकलेला तो कागद चष्मा सावरून वाचतात, मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात आणि आठवड्यात हरकतींचा गठ्ठा तयार होतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ म्हटले आणि तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावायचे बंधन घातले. रोपांच्या संख्येने जुने झाड भरून येत नाही, तरी निदान त्याचे वय विचारले गेले. गावात लागू आहे तो १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. तो ठरावीक जातींच्या यादीवर चालतो. हिरडा, आंबा, जांभूळ त्या यादीत आहेत, गारंबीचा वेल नाही. तिथे झाडावर कागद ठोकला जात नाही, अर्ज तालुक्याला जातो.

जैवविविधता कायद्याची वाट अलीकडे उघडली आहे. २००२ च्या या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते आणि एखाद्या जागेला ‘जैविक वारसा स्थळ’ म्हणून मान्यता मिळू शकते. पुण्यात गणेशखिंड उद्यानाला ती मिळाली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथल्या राईला मिळाली, जिथे जंगली जायफळाची झाडे पाण्यात मुळे रोवून उभी आहेत. ती राई फक्त २.५९ हेक्टरांची आहे. वेल्हे आणि आंबेगावच्या कितीतरी राया तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या आहेत. नोंदवहीत त्यांची पाने भरायची तर देवाचे नाव, चतुःसीमा, झरा आणि झाडे सांगणारी म्हातारी माणसे अजून गावात आहेत.