लांब पल्ल्याची शिकारी रायफल

सुमारे 300 मीटरच्या पुढे उभे असलेले मोठे जनावर एकाच गोळीत, न हाल करता पडावे म्हणून एकमेकांशी जुळवून घेतलेली रायफल, काडतूस आणि स्कोप (रायफलवरची दुर्बीण). ही मूळची उघड्या मुलखातली गरज आहे. नामिबियाची कुरणे, उत्तर अमेरिकेतले रॉकी पर्वत, मध्य आशियातले उघडेबोडके डोंगर अशा ठिकाणी जनावर दूरवरून दिसते. पण जवळ जायला आडोसा मिळत नाही.

सह्याद्रीत नेमके उलटे. जावळी, पाटण, शिराळ्याच्या रानात पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. त्यामुळे तिथली जुनी शिकार हाक्याची आणि माचाणाची. हाकाऱ्यांनी जाळी झोडपायची, जनावर वाटेवर आले की बार टाकायचा. हत्यार ठासणीची बंदूक, पुढे बारा बोअर (छऱ्यांची बंदूक). अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे अडीच फर्लांगांवर, नजर पोचते ती पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर. तिथेही उन्हात तापलेल्या हवेत अंतराचा अंदाज हमखास फसतो. म्हणूनच या प्रकारच्या शिकारीत लेसरने अंतर मोजणारे यंत्र स्कोपइतकेच महत्त्वाचे मानतात.

निवडीची सुरुवात रायफलीपासून करणे ही सर्वांत मोठी चूक. आधी गोळी ठरवावी. शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे कवच असलेली नेहमीची शिकारी गोळी जनावरात शिरल्यावर छत्रीसारखी उमलते आणि रुंद जखम करते. मात्र त्यासाठी तिच्यात पुरेसा वेग उरलेला असावा लागतो. बऱ्याच गोळ्यांसाठी ही मर्यादा सेकंदाला 550 मीटरच्या आसपास असते. त्याखाली ती न उमलता दाभणासारखी आरपार जाते आणि जखमी जनावर कोसोगणती पळत राहते. उलट जवळच्या पल्ल्यात, वेग फार असताना, मऊ गोळीचे कातडीखालीच तुकडे होतात. या दुसऱ्या अडचणीवर अमेरिकेत 1948 मध्ये बाजारात आलेल्या नॉस्लर पार्टिशन गोळीने उत्तर काढले. तिच्यात मधोमध धातूची आडभिंत असते. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. नंतर गाभा कवचाला चिकटवलेल्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. लांब, निमुळती गोळी हवा कापत जाते आणि वेग राखते. पण ती स्थिर राहण्यासाठी नळीतले आटे (गोळीला गिरकी देणाऱ्या खाचा) जास्त पिळाचे लागतात. गोळी आणि नळी वेगवेगळी निवडता येत नाही ती यामुळे.

काडतुसाचे उदाहरण म्हणून .30-06 घ्यावे. 1906 सालचे हे अमेरिकी लष्करी काडतूस अजून शिकारीत टिकून आहे. त्याची 180 ग्रेनची (सुमारे 11.7 ग्रॅम) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने निघते. रायफल 200 यार्डांवर नेम जुळवून ठेवली, तर 300 यार्डांवर गोळी वीतभर खाली लागते आणि 500 यार्डांवर तब्बल सव्वा मीटरच्या आसपास. हे खाली येणे निदान हिशेबात बसते. वारा बसत नाही. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 500 यार्डांवर हीच गोळी अर्धा मीटर बाजूला नेतो, आणि हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग असतो जेमतेम वीतभर रुंद. त्यातच गोळी पोचायला पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर वेळ लागतो. तेवढ्यात जनावराने एक पाऊल पुढे टाकले तर फुप्फुसाऐवजी पोट फुटते. 1963 चे .300 विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस वेग वाढवते, पण धक्काही वाढवते. धक्क्याच्या धास्तीने घोडा हिसकणाऱ्याला तो जादा वेग काहीच कामाचा नाही. उंचीचाही फरक पडतो: महाबळेश्वरला, सुमारे 1,370 मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते, म्हणून गोळी किंचित कमी खाली येते.

स्कोपमध्ये लोक आधी किती पट मोठे दिसते ते विचारतात. खरे तर घुंडी फिरवल्यावर नेम जितका सरकायला हवा तितकाच सरकणे आणि परत पहिल्या जागी येणे हा मुख्य गुण. घुंडीचा एक टिचका बहुधा 100 मीटरवर 1 सेंटिमीटरचा असतो. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट केले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: 50 मिलिमीटरचे भिंग दहा पटीवर 5 मिलिमीटर देते. तिन्हीसांजेला एवढे पुरते. वीस पटीवर झोत निम्मा होतो आणि चित्र काळवंडते.

भारतात मात्र बोअर (नळीचा व्यास) ठरवतो तो परवाना. ही रीत इंग्रजी अमदानीतली. 1907 च्या सुमारास सरकारने .450 बोअरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा विलायती कारखान्यांनी .470 सारखी नवी काडतुसे काढली. आजही .303 निषिद्ध बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला ते ठेवता येत नाही. खासगी परवान्यावर मिळते ती मुख्यतः ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 रायफल, सांगाडा ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचा, गोळी 244 ग्रेनची, जड आणि बोथट नाकाची. ती जवळच्या पल्ल्याचीच. साताऱ्यात घरटी सैनिक असलेली गावे आहेत, पण निवृत्तीनंतर बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या माजी जवानाच्या खांद्यावर सहसा बारा बोअरच असते. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आणि त्यातील 1991 ची दुरुस्ती यांमुळे देशात हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. गवा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत) येतो. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद होऊ शकते. पिकात घुसणाऱ्या रानडुकराला मारायचे तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या कडेच्या गावांत उसात शिरलेला गवा फटाके लावून, डबे वाजवून हुसकावतात. वस्तीत अडकलाच तर वनखाते बेशुद्धीची बंदूक आणते. तिची सुई थोड्याच अंतरापर्यंत जाते, त्यामुळे तिथे माणसालाच जनावराजवळ जावे लागते.