सोव्हिएत टर्बोफॅन: डोकं पुढे, पंखा मागे

टर्बोफॅन म्हणजे जेट इंजिनच्या तोंडाशी एक मोठा पंखा. त्याने ओढलेल्या हवेतली काही आत जाऊन इंधनाबरोबर जळते, बाकीची न जळता बाजूने मागे फेकली जाते. या न जळलेल्या आणि जळलेल्या हवेचं प्रमाण म्हणजे बायपास रेशो. थोडी हवा भन्नाट वेगाने फेकण्यापेक्षा भरपूर हवा बेताच्या वेगाने ढकलली तर तेवढाच जोर कमी इंधनात मिळतो, कारण वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट लागते.

ही कल्पना सोव्हिएत इंजिनिअर आर्खिप ल्युल्का यांनी १९४१ मध्येच नोंदवली होती, पण त्याच वर्षी जर्मनीचा हल्ला झाला आणि विषय मागे पडला. आज नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेल्या सुखोई-३० मध्ये जे एएल-३१ इंजिन आहे ना, ते त्यांच्याच ब्युरोचं, म्हणजे इंजिनांचं डिझाइन करणाऱ्या संस्थेचं. त्याचा बायपास एकपेक्षाही कमी आहे आणि फायटरला तेच बरोबर, रुंद पंखा तिथे नुसता अडचण.

पॅसेंजर विमानांचं गणित मात्र वेगळं. रशियातल्या पर्म शहरातल्या सोलोव्योव ब्युरोने डी-२० इंजिन बनवलं, ते टीयू-१२४ विमानाला लागलं आणि १९६२ पासून एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीत उडू लागलं. (१९७७ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई जोरहाटजवळच्या अपघातातून वाचले, ते विमान हेच.) बायपास साधारण एक, जो त्या काळात ठीकच होता, पण पुढे अमेरिका-ब्रिटन पाचपर्यंत गेले तरी कुझनेत्सोव ब्युरोचं एनके-८६ एकच्याच आसपास अडकून राहिलं. हे इंजिन घेऊन उडणारं आयएल-८६ साडेतीनशे माणसं बसतील एवढं ऐसपैस, पण रेंज अगदीच तोकडी.

असं का झालं? मोठा पंखा फिरवायचा तर मधलं इंजिन छोटं आणि प्रचंड तापणारं लागतं, म्हणजे टर्बाइनची पाती आतून पोकळ, त्यातून थंड हवा खेळवायची, शिवाय मिश्रधातूही तसाच तगडा हवा आणि हे सगळं कारखान्यात रोजच्या रोज जमवायचं. त्यात देशात तेल स्वस्त, मग घाई कोणाला? माझ्या मते तर हे दुसरं कारणच जास्त भारी पडलं.

कोंडी फोडली ती युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या लोतारेव ब्युरोने. आधी याक-४२ या पॅसेंजर विमानासाठी डी-३६, बायपास पाचच्या वर, आणि मग डी-१८टी, एकेक इंजिन २३ टनांहून जास्त जोर देणारं! चार लावली की मालवाहू एएन-१२४, सहा लावली की १९८८ साली उडालेलं अवाढव्य एएन-२२५.

आपल्या हवाई दलात हा बदल एकाच जातीच्या विमानात दिसतो: मालवाहू आयएल-७६, म्हणजे आपलं गजराज, सोलोव्योव ब्युरोच्या जुन्या डी-३०केपीवर उडतं, बायपास अडीचच्या आसपास, आणि पाठीवर रडारची थाळी घेतलेलं त्याचंच अवॅक्स (हवेतून टेहळणी करणारं) भावंड पर्मच्याच नव्या पीएस-९० वर, चारच्या वर.