ट्रान्सफर वेगळी, प्रवेश रद्द करणं वेगळं

दिवाळीची सुट्टी संपवून पोरं होस्टेलवर परतली की आठवड्याभरात आमच्या खिडकीवर पहिला पालक उभा राहतो. हातात प्लास्टिकची फाइल, मागे मान खाली घातलेलं लेकरू आणि ठरलेलं वाक्य: "मॅडम, हिची ट्रान्सफर करायचीय, एलसी द्या." एलसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात माझी पंधरा वर्षं गेली. या वाक्यातली खिचडी दर वर्षी नव्याने निवडत बसायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

प्रवेश रद्द करणं सगळ्यांना कळतं. अर्ज द्यायचा, हिशेब करायचा, कागद घ्यायचे, बाहेर पडायचं. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, घेणाऱ्या सीईटी सेलने दिलेल्या तारखेच्या आत केलंत तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून फी परत मिळते. तारीख उलटली की अनामत रकमेपलीकडे फारशी आशा ठेवू नका. पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा, कारण पर्सेंटाइल त्या वर्षापुरताच चालतो. वर्ष जातं, पण शाखा, कॉलेज, गाव सगळं नव्याने निवडता येतं.

ट्रान्सफरमध्ये वर्ष वाचतं, पण ती पहिल्या वर्षात होतच नाही. एफई म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावर, एसईला म्हणजे दुसऱ्या वर्षाला, जिथे जायचंय त्या कॉलेजात जागा रिकामी असेल तरच. त्या रिकाम्या जागांवर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचाही डोळा असतो. दोन्ही कॉलेजांची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, लागते. विद्यापीठ बदलत असेल किंवा एक कॉलेज स्वायत्त असेल, तर विषय जुळतात का ते पाहतात. जुळले नाहीत तर राहिलेले पेपर मागाहून द्यायचे. आणि ट्रान्सफरने साधारणपणे कॉलेज बदलतं, शाखा नाही. मेकॅनिकल नकोसं झालंय म्हणून मेकॅनिकललाच दुसऱ्या गावी जाणारी पोरं मी पाहिलीत. तिथेही थर्मोडायनॅमिक्सच असतं.

आता खरी मेख. रद्द करायचं तर फी परत मिळण्याची तारीख मानगुटीवर असते, म्हणून निर्णय लवकर लागतो. ट्रान्सफरचा निर्णय मात्र ऑक्टोबरात घेताच येत नाही, कारण त्याला लागतं एफईचं मार्कशीट, आणि ते हातात पडतं उन्हाळ्यात. चांगल्या कॉलेजात जागा दोन आणि अर्ज वीस आले तर बघणार काय? मार्कच. घरोघरी चालतं ते बरोबर उलटं. "आपण तर इथून जाणारच आहोत" म्हणून पोरगं लेक्चरला जायचं थांबतं, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, केटी लागते, म्हणजे विषय राहतो. मग जुलैमध्ये तेच मार्कशीट घेऊन दुसऱ्या कॉलेजच्या खिडकीवर उभं राहतं आणि तिथली माझ्यासारखीच कुणीतरी बाई नुसती मान हलवते. ज्याला इथून जायचंय, त्यानेच इथे नीट पास व्हायला हवं. ही गोष्ट पालकांच्या गळी उतरवताना माझा घसा बसतो.

दुसरी चीड एलसीची. "आधी काढून ठेवतो, ऐनवेळी धावपळ नको." अहो, एलसी म्हणजे तुम्ही इथून गेलात! दोनेक वर्षांमागे एका वडिलांनी जूनमध्येच एलसी नेली. दुसऱ्या कॉलेजच्या ओळखीच्या माणसाने तोंडी "होऊन जाईल" म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये ते परत आले, तोवर मुलाचं नाव आमच्या पटावरून गेलं होतं आणि तिथली जागा भरली होती. आधी लेखी जागा, मग एलसी. पुन्हा सीईटी देणाऱ्यांनाही हेच लागू: फीची तारीख गेलीच असेल तर नवी जागा हातात येईपर्यंत जुनी सोडून काही मिळत नाही. आणि "दोन लाखांत ट्रान्सफर करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहाही पाजू नका.

टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागेवर आला असाल, तर ट्रान्सफरचा विचारच सोडा. त्या योजनेत कॉलेज किंवा कोर्स बदलता येत नाही, हे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, नियमातच आहे. ती सवलत घेतलेले निम्मे पालक हे माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकतात.

माझं मत विचाराल तर शाखाच चुकली असेल, तर वर्षाचा हिशेब करत बसू नका, रद्द करा आणि पुन्हा सीईटी द्या. शाखा आवडतेय, पण कॉलेजात लॅब नावापुरती आणि शिकवणं रडतखडत, तर दात-ओठ खाऊन एफई ऑल क्लिअर करा आणि ट्रान्सफर मागा. रॅगिंग असेल तर दोन्ही नको. १८००-१८०-५५२२ वर आजच तक्रार करा. १९९९ पासून आपल्या राज्यात तो गुन्हा आहे. कॉलेज सोडायचं त्रास देणाऱ्याने, तुमच्या मुलाने नाही.

यंदाची पहिली मुलगी लातूरकडची. वडील एलसी मागत होते, ती गप्प. त्यांना झेरॉक्स आणायला खाली पाठवलं आणि तिला विचारलं, "काय झालं गं?" खूप वेळाने म्हणाली, रूममेट रात्री दोनपर्यंत व्हिडिओ कॉलवर असते, दीड महिना झोप नाही. शाखा? आवडते. शिक्षक? बरे आहेत. वडील झेरॉक्स घेऊन वर आले तेव्हा मी फाइल त्यांच्याकडे सरकवली आणि होस्टेलच्या रेक्टर मॅडमच्या केबिनचा रस्ता सांगितला.