व्हर्च्युअल स्टेनिंग वेगळे, स्टेनचे रूपांतर वेगळे

बायोप्सीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास पारदर्शकच दिसतो. म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याला ‘एच अँड ई’ स्टेन, म्हणजे रंग, देतात: हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. हे रंगकाम आता डीप लर्निंग (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय पद्धत) करते, असे सांगितले जाते तेव्हा दोन निराळ्या गोष्टींची बऱ्याचदा गल्लत होते.

व्हर्च्युअल स्टेनिंगमध्ये कापाला रंग लागतच नाही. ऊतींमधले कोलॅजेन, इलॅस्टिन, एनएडीएच असे रेणू अतिनील प्रकाशात स्वतःच मंद चमकतात. ती चमक टिपायची आणि हा काप रंगवला असता तर कसा दिसला असता, ते न्यूरल नेटवर्कने, म्हणजे डीप लर्निंगच्या संगणकीय प्रणालीने, काढायचे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातील आयदोआन ओझजान यांच्या गटाने २०१९ मध्ये मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस अशा ऊतींवर हे करून दाखवले. त्यातली शिकवण्याची रीत मला फार मोलाची वाटते. काप आधी बिनरंगाचा टिपला, मग तोच रंगवून पुन्हा टिपला आणि दोन्ही चित्रे पिक्सेलगणिक जुळवली. नेटवर्कसमोर प्रश्नही त्याच पेशींचा आणि उत्तरही त्याच पेशींचे.

स्टेनच्या रूपांतरात काप आधीच रंगवलेला असतो. एच अँड ई स्लाइडच्या चित्रावरून मॅसन ट्रायक्रोम, पीएएस किंवा जोन्स अशा दुसऱ्या एखाद्या स्टेनचे चित्र तयार करतात. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत तुकडा सुईएवढा बारीक आणि स्टेन अनेक लागतात, त्यामुळे तिथे याची खरी गरज आहे. पण शिकवायला जोड्या आणायच्या कुठून? शेजारचा काप घेतला तर पेशी तंतोतंत जुळत नाहीत. याच गटाने २०२१ मध्ये तोड काढली: बिनरंगाच्या एकाच कापावरून दोन्ही स्टेनची आभासी चित्रे बनवली आणि ती जोडी नव्या नेटवर्कला दिली. म्हणजे दुसरे तंत्र पहिल्याच्या खांद्यावर उभे आहे.

माझ्या मते निर्णायक फरक माहितीचा आहे. स्वयंदीप्तीत, म्हणजे ऊतींच्या त्या स्वतःच्या चमकेत, कोलॅजेनचा स्वतःचा संकेत असतो. एच अँड ईमध्ये ते इतर गुलाबीत मिसळलेले असते आणि नेटवर्कला ते पोत व आकारावरून ओळखावे लागते. नसलेली रचना रंगवण्याचा धोका दोन्हीकडे आहे. मात्र बिनरंगाचा काप तसाच शिल्लक राहतो. शंका आली तर पॅथॉलॉजिस्ट त्याच कापाला खरा स्टेन देऊन त्याच पेशी पुन्हा पाहू शकतात.